लोकसंगीताकडे वळणारा कलावंत आणि रसिकांचा प्रतिसाद : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश :
नागर संगीतात स्थिरावलेला कलावंत किंवा वाद्यवृंद लोकसंगीताकडे वळतो तेव्हा त्याच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट या वळणाला 'मुळांकडे परतणे' म्हणतो, तर दुसरा त्याला 'सोंग' ठरवतो. अमेरिकेतील 'अमेरिकाना' या संगीतप्रकाराच्या निमित्ताने हा वाद वारंवार घडला आहे. प्रस्तुत लेखात या वादाची मांडणी सातारा-सांगली परिसरातील पठ्ठे बापूराव, अण्णा भाऊ साठे आणि शाहीर साबळे यांच्या कार्याच्या आधारे तपासली आहे. अस्सलपणा हा निकष या परिसराच्या सांस्कृतिक इतिहासापुढे अपुरा पडतो आणि 'रसिक' ही कोटी एकसंध नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लोकसंगीत, अमेरिकाना, तमाशा, लोकनाट्य, शाहिरी, रसिक, अस्सलपणा.

प्रस्तावना :
कलावंत आणि त्याचा चाहता यांच्यात एक अलिखित करार असतो. ज्या आविष्कारामुळे चाहता कलावंताकडे ओढला गेला तो आविष्कार पुढेही मिळत राहील, अशी चाहत्याची अपेक्षा असते. कलावंताला मात्र तेच ते करीत राहण्याचा कंटाळा येतो. या ताणातून निर्माण होणारे वाद संगीताच्या इतिहासात जुने आहेत. त्यांपैकी लोकसंगीताकडे वळण्यातून होणारा वाद इतरांहून वेगळा असतो. कलावंत एखाद्या नव्या वाद्याकडे किंवा परदेशी शैलीकडे वळला तर चाहते आवडनिवडीची भाषा बोलतात. तो लोकसंगीताकडे वळला की खरे-खोटे, आपले-परके, मूळ आणि नक्कल अशी नैतिक भाषा सुरू होते. ही भाषा कोठून येते आणि ती कोणाच्या सोयीची असते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

मराठीत लोककलांची चिकित्सा विपुल झाली आहे. नामदेव व्हटकर, प्रभाकर मांडे, रा. चिं. ढेरे, रुस्तुम अचलखांब यांच्यापासून सांगलीला कर्मभूमी मानणाऱ्या तारा भवाळकर यांच्यापर्यंत अनेकांनी या क्षेत्रात मोलाची भर घातली आहे. या अभ्यासात लोककलेचे स्वरूप, उगम, विधी आणि सादरीकरण यांवर मुख्य भर राहिला. ती कला ऐकणारा माणूस कोण आहे आणि कलावंताच्या वळणाकडे तो कोणत्या जागेवरून पाहतो, हा प्रश्न तुलनेने मागे राहिला. त्या दिशेने केलेली ही एक मर्यादित मांडणी आहे.

'अमेरिकाना' : संज्ञा आणि वाद :
अमेरिकेतील ग्रामीण गोऱ्यांचे कंट्री संगीत, कृष्णवर्णीयांचे ब्लूज व गॉस्पेल आणि डोंगराळ भागातील जुनी गीते यांच्या मिश्रणातून घडलेल्या आधुनिक संगीताला 'अमेरिकाना' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. १९९९ मध्ये या संगीताची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि २०१० मध्ये या प्रकारातील अल्बमला स्वतंत्र ग्रॅमी पुरस्कार देण्यास प्रारंभ झाला. म्हणजे नाव नवे आहे. मात्र रॉक वाद्यवृंदाने ग्रामीण संगीताकडे वळण्याची आणि त्यावरून चाहत्यांनी नाराज होण्याची घटना त्याहून जुनी आहे.

'द बर्ड्‌ज' या कॅलिफोर्नियातील वाद्यवृंदाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६५ मध्ये विजेच्या गिटारींच्या झंकारावर या वाद्यवृंदाने तरुणांची मने जिंकली. १९६८ मध्ये ग्रॅम पार्सन्स हा गायक त्यात सामील झाला आणि वाद्यवृंद कंट्री संगीताकडे वळला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात नॅशव्हिल येथील 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या सर्वांत प्रतिष्ठित मंचावर त्यांनी गायन केले, तेव्हा तेथील परंपरानिष्ठ श्रोत्यांनी त्यांची हेटाळणी केली. ऑगस्टमध्ये 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा अल्बम आला तेव्हा जुन्या रॉक चाहत्यांनीही त्याकडे पाठ फिरवली. ज्यांना सोडले ते रागावले आणि ज्यांच्याकडे गेले त्यांनीही स्वीकारले नाही. पुढे हाच अल्बम त्या वळणाचा आरंभबिंदू म्हणून गौरवला गेला. या दुहेरी नकारात महत्त्वाची बाब अशी की दोन्ही श्रोतृवर्गांचे आक्षेप वेगळे होते. रॉक चाहत्याचा आक्षेप 'तुम्ही आम्हाला सोडले' असा होता, तर नॅशव्हिलच्या श्रोत्याचा 'तुम्ही आमचे नाही' असा होता. समीक्षेने या दोहोंना 'चाहत्यांचा विरोध' या एकाच नावाखाली जमा केले.

या वादात तिसरा एक श्रोता बराच काळ अदृश्य राहिला. बँजो हे वाद्य गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचे प्रतीक मानले जाते. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी कृष्णवर्णीयांचे संगीत आणि ग्रामीण गोऱ्यांचे संगीत अशा दोन वेगळ्या याद्या केल्या आणि एकत्र नांदणारे संगीत विक्रीच्या सोयीसाठी वर्णानुसार विभागले गेले. २०२४ मध्ये बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेचा 'काउबॉय कार्टर' हा अल्बम आला, तेव्हा तिला कंट्री संगीतात स्थान आहे का, यावर वाद झाला. कंट्री संगीताच्या संघटनेने त्या वर्षीच्या पुरस्कारांसाठी तिला एकही नामांकन दिले नाही, तर २०२५ मध्ये त्याच अल्बमला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मुळाकडे परतण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न तेथे वर्णाशी बांधलेला आहे. महाराष्ट्रात तो जातीशी बांधलेला आहे. या साम्यामुळेच अमेरिकेतील वाद सातारा-सांगलीच्या संदर्भात उपयुक्त ठरतो.

परिसराची पार्श्वभूमी :
आजचे सातारा व सांगली हे जिल्हे सांस्कृतिकदृष्ट्या एकमेकांत गुंतलेले आहेत. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नामकरण सांगली असे झाले. त्यामुळे वाळवा तालुक्यातील कलावंत जुन्या नोंदींत सातारा जिल्ह्याचे म्हणून आढळतात. सत्यशोधक चळवळीचे जलसे, १९४० च्या दशकातील प्रतिसरकारच्या काळातले पोवाडे, गावोगावच्या यात्रांतील तमाशाच्या बाऱ्या आणि मंदिरांपुढील गोंधळ-जागरण या सर्वांचा हा टापू आहे.

येथे नागर आणि लोक यांची देवाणघेवाणही जुनी आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' हा खेळ सादर केला. मराठी नाटकाचा आरंभ म्हणून त्याचा गौरव होतो. या खेळामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. लोकपरंपरेतील खेळ पाहून त्याची सुधारलेली आवृत्ती दरबारासाठी सिद्ध करावी, ही कल्पना मराठी रंगभूमीच्या पायाशीच आहे. म्हणून 'शुद्ध लोक' आणि 'शुद्ध नागर' अशी विभागणी या परिसरात तरी टिकत नाही. भवाळकर यांनी योजलेली 'लोकनागर' ही संज्ञा या वस्तुस्थितीला अधिक जवळची आहे.

पठ्ठे बापूराव : कोणाचे वळण 'वळण' ठरते?
वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे तमाशाच्या इतिहासात पठ्ठे बापूराव म्हणून अमर झाले. गावचे कुलकर्णीपण असलेल्या ब्राह्मण घरातील या तरुणाने लावण्या रचल्या, वगनाट्ये लिहिली आणि अखेर घरदार व वतन सोडून तमाशाच्या फडात प्रवेश केला. स्वजातीने त्यांना दूर लोटले. तमाशाच्या श्रोत्यांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतले. 'द बर्ड्‌ज'ला जी स्वीकृती नॅशव्हिलमध्ये मिळाली नाही ती बापूरावांना फडात मिळाली, कारण ते पाहुणे म्हणून आले नव्हते. परतीची वाट तोडून ते आले होते. फडाचा बेभरवशाचा व्यवसाय, हालअपेष्टा आणि बदनामी हे सर्व त्यांनी पत्करले. १९४५ मध्ये त्यांचा अंत झाला तोही विपन्नावस्थेत.

बापूरावांच्या या त्यागाचे वर्णन मराठी वाङ्मयात पुष्कळदा आले आहे. त्यावर चित्रपट, नाटके आणि चरित्रे झाली. मात्र या वर्णनातील एक असमतोल नजरेआड होतो. ज्या पवळेच्या नावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ती महार समाजातील कलावती होती. दोघे एकाच फडात, एकाच बोर्डावर उभे राहिले. बापूरावांच्या येण्याला 'वळण' म्हटले गेले, 'त्याग' म्हटले गेले. पवळेच्या येण्याला असे कोणतेही नाव मिळाले नाही. ती तेथे असणे गृहीत धरले गेले. तमाशात उघडपणे उभी राहणारी स्त्री म्हणून तिने पत्करलेली जोखीम बापूरावांच्या जोखमीहून कमी नव्हती. तरीही निवडीचे श्रेय एकाला मिळाले आणि दुसरीच्या वाट्याला केवळ सौंदर्याची कीर्ती आली.

यावरून एक सूत्र हाती येते. लोकसंगीताकडे 'वळण्याचा' मान बाहेरून येणाऱ्यालाच मिळतो. जो आत जन्मला त्याच्या कलेला निवड मानले जात नाही, स्वभाव किंवा परंपरा मानले जाते. चाहत्यांचे कौतुक आणि चाहत्यांचा रोष हे दोन्ही या असमान पायावर उभे असतात.

अण्णा भाऊ साठे : आतून झालेला बदल :
वाळवा तालुक्यातीलच वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण बापूरावांच्या उलट आहे. तमाशा त्यांच्या घरचा होता. चुलतभाऊ बापू साठे यांच्या फडात त्यांनी काम केले होते. पुढे मुंबईत गिरणी कामगार म्हणून जगताना ते कम्युनिस्ट चळवळीत आले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथकाची उभारणी केली. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' यांसारख्या वगांतून त्यांनी तमाशाचा सांगाडा कायम ठेवून आशय पालटला. गणातील गणपतीच्या जागी मायभूमी व हुतात्मे यांना वंदन आले. गौळण गळाली. सोंगाड्याचा चिमटा सावकार, जमीनदार आणि पुढारी यांना बसू लागला.

हा बदल ज्या श्रोत्यांपुढे झाला ते कोण होते, हे पाहणे आवश्यक आहे. गिरणगावातील मजुरांत सातारा, सांगली आणि कोकणातून आलेल्यांचा मोठा भरणा होता. बायको-मुले गावी आणि आपण चाळीतील एका खोलीत दहा जणांसह, अशी त्यांची अवस्था होती. ढोलकीची थाप आणि तुणतुण्याचा सूर ऐकताना या श्रोत्याला गावाची आठवण येत होती, पण त्या गावात त्याला परतायचे होतेच असे नाही. कारण त्याच गावात कर्ज होते, वेठ होती, अस्पृश्यताही होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीची लोकप्रियता या दुहेरी भावनेतून समजते. विरहाच्या जुन्या घाटात बेळगाव-कारवारच्या सीमाप्रश्नाची वेदना भरली गेली आणि श्रोत्यांना त्यात काहीही विसंगत वाटले नाही. रचना जुनी की नवी, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. ती आपल्या आजच्या जगण्याविषयी बोलते का, एवढेच त्यांनी पाहिले.

अण्णा भाऊंच्या या कार्याची एक बाजू मात्र चिकित्सेची अपेक्षा ठेवते. त्यांनी आपल्या वगांना 'लोकनाट्य' म्हटले आणि ही संज्ञा प्रतिष्ठित झाली. या नव्या नावाने तमाशाचा घाट मध्यमवर्गीय प्रेक्षकापर्यंत पोहोचला. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्याला शहरी नाट्यगृहांत मिळालेले यश हे त्याचे पुढचे फळ होय. पण 'तमाशा' हे जुने नाव आणि त्याला चिकटलेली बदनामी यात्रांतून फिरणाऱ्या फडांकडेच राहिली. घाट वर गेला, घाट जपणारे खाली राहिले. याला अण्णा भाऊ जबाबदार नाहीत. त्यांनी ज्या हेतूने नाव बदलले तो हेतू त्या घाटाला सन्मान मिळवून देण्याचा होता. तो सन्मान वाटून घेताना नागर समाजाने जो हात आखडला, त्याचा हा परिणाम आहे.

शाहीर साबळे : लोकधारेचा लाभ आणि किंमत :
सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या पसरणी येथे ३ सप्टेंबर १९२३ रोजी जन्मलेले कृष्णराव साबळे हे स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राचे सर्वांत परिचित शाहीर. साने गुरुजींचा सहवास, स्वातंत्र्य चळवळ आणि नंतर 'यमराज्यात एक रात्र' (१९६०), 'आंधळं दळतंय' यांसारखी मुक्तनाट्ये असा त्यांचा प्रवास झाला. भानुमती साबळे यांच्या लेखनाची साथ त्यांना लाभली. राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत त्यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले आणि २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले. मुक्तनाट्याच्या काळातील साबळे हे चालू प्रश्नांवर बोट ठेवणारे, टोचणारे, हसवणारे शाहीर होते.

'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमात मात्र त्यांनी वेगळी दिशा घेतली. वासुदेव, गोंधळ, जागरण, भारूड, कोळीगीते, लावणी अशा अनेक प्रकारांचे नेटके दर्शन एकाच संध्याकाळी घडवणारा हा रंगमंचीय प्रयोग होता. ज्या श्रोत्याला साबळ्यांकडून राजकीय चिमट्याची सवय होती त्याला यात परंपरेचे प्रदर्शन दिसणे स्वाभाविक होते. ज्या शहरी मराठी कुटुंबातील मुलांनी गोंधळ कधी पाहिलाच नव्हता त्यांना मात्र यातून आपल्या संस्कृतीची पहिली ओळख झाली. नाट्य-चित्रपटसृष्टीत पुढे नाव कमावणारे भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे यांसारखे कलावंत याच कार्यक्रमातून घडले, हा त्याचा मोठा लाभ मानला पाहिजे.

'लोकधारे'वर घेता येण्याजोगा मुख्य आक्षेप असा की विधीचे प्रयोगात रूपांतर होताना त्याचा काळ आणि त्याची कारणे हरवतात. गोंधळ रात्रभर चालतो. तो एखाद्या कुटुंबाने लग्नानंतर किंवा नवसापोटी घातलेला असतो. संबळाचा ठेका, दिवटी आणि आख्यान यांना त्या घराच्या सुखदुःखाचा संदर्भ असतो. रंगमंचावर तोच गोंधळ काही मिनिटांत आटोपतो आणि यजमानाची जागा तिकीट काढणारा प्रेक्षक घेतो. हा आक्षेप खरा आहे, पण अर्धा आहे. विधीच्या जागी प्रयोग आला म्हणजे केवळ हानीच झाली असे नाही. गोंधळ घालणे, जागरण करणे, वासुदेव होऊन दारोदार फिरणे ही कामे परंपरेने विशिष्ट समाजगटांना वाटून दिलेली होती. त्यांत कला होती तशी सक्तीही होती, दानावर जगण्याची लाचारीही होती. रंगमंचावर ती कला कोणीही शिकू शकतो, कोणीही सादर करू शकतो आणि तिचे मानधन हक्काने मागू शकतो. बंधन सैल होण्याची शक्यता त्यात आहे. त्याचबरोबर ज्यांनी ती कला पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांचे नाव श्रेयनामावलीतून गळण्याचा धोकाही त्यात आहे. 'लोकधारे'चे मूल्यमापन या दोन टोकांच्या दरम्यान करावे लागेल. 'अस्सल की नक्कल' या प्रश्नाने ते होणार नाही.

उलट दिशेची वाहतूक :
शहरी कलावंत लोकसंगीताकडे वळत असताना ग्रामीण फड उलट दिशेने निघाले होते, ही बाब चाहत्यांच्या वादात सहसा येत नाही. सांगलीजवळच्या कवलापूर येथील काळू-बाळू या जुळ्या बंधूंच्या फडाने 'जहरी प्याला'सारख्या वगांनी गावोगावच्या यात्रा गाजवल्या. त्यांच्या घराण्यात तमाशा पिढीजात होता. अशा फडांचा प्रेक्षक तज्ज्ञ असतो. ढोलकीवाल्याचा हात, सोंगाड्याची हजरजबाबी आणि बतावणीतील नवी कोटी यांची त्याला नेमकी पारख असते. याच प्रेक्षकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फडांकडे चित्रपटगीतांची मागणी केली आणि ढोलकी फडाच्या तमाशांनी ती पुरी केली. वगाचा वेळ घटला, चित्रपटगीतांवरील नृत्यांचा वाढला. ढोलकी-हलगीच्या शेजारी विजेवर चालणारी वाद्ये आली.

या बदलाला अभ्यासकांनी बहुधा 'ऱ्हास' किंवा 'बिघाड' म्हटले. शहरातील वाद्यवृंदाने संबळ आणि दिमडी घेतली तर त्याला 'मुळांचा शोध' म्हटले जाते, आणि फडाने कीबोर्ड घेतला तर 'बाटलेपण'. वस्तुतः दोन्हीकडे घडते ते एकच. कलावंत आपल्या परिघाबाहेरील संगीत घेऊन श्रोत्यापुढे जातो. फरक इतकाच की पहिल्याची निवड सौंदर्यदृष्टीची मानली जाते आणि दुसऱ्याची पोटाची. फडमालकाला प्रत्येक यात्रेत तंबूच्या तिकिटांवर कलावंतांचे पगार आणि गाड्यांचा खर्च भागवायचा असतो, हे खरे आहे. पण पोटासाठी केलेल्या निवडीत कलाविचार नसतो असे मानणे हा वर्गीय पूर्वग्रह आहे. तसेच, गावच्या श्रोत्याने जुनेच ऐकत राहावे म्हणजे शहरी श्रोत्याला हवे तेव्हा मुळांकडे परतता येईल, ही अपेक्षा न्याय्य नाही.

एकच सूर, दोन श्रोते :
राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' या चित्रपटाचे उदाहरण या चर्चेला आणखी एक परिमाण देते. सांगली जिल्ह्यातील कथाकार चारुता सागर यांची कथा आणि राजन गवस यांचे कादंबरीलेखन यांवर आधारलेल्या या चित्रपटात यल्लम्माला सोडलेल्या जोगते-जोगतिणींचे जीवन आहे. अजय-अतुल यांना त्याच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील गाणी चित्रपटाच्या बाहेर, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि लग्नसमारंभांतही वाजू लागली.

चित्रपट ज्या प्रथेचा निषेध करतो त्या प्रथेचा नाद त्याच्या संगीतातून आनंद देतो. याला चित्रपटाचा दोष म्हणता येणार नाही. चौंडक्याचा नाद मुळातच आकर्षक आहे. परंतु ज्या घरातील मुलगी देवाला सोडली गेली त्या घराला हा नाद कसा ऐकू येत असेल, याचा विचार समीक्षेने क्वचितच केला. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा २००५ चा आहे. म्हणजे ही दूरच्या भूतकाळातील गोष्ट नाही. एका श्रोत्याला जो सूर मातीचा वाटतो तो दुसऱ्याला जखमेचा वाटू शकतो. दलित चळवळीतील अनेकांनी पोतराजाचा आसूड, जोगतिणीची परडी आणि तमाशाचे बोर्ड सोडून देण्याचा आग्रह धरला, तो या जाणिवेतून. त्या आग्रहाला कलेविषयीची अनास्था म्हणणे हा त्याचा विपर्यास होय. परंपरा सोडण्याचा हक्क हाही परंपरेविषयीचाच एक प्रतिसाद आहे.

विवेचन : रसिकांचे तीन स्तर :
वरील उदाहरणांच्या आधारे, लोकसंगीताकडे वळलेल्या कलावंताला मिळणाऱ्या प्रतिसादाचे तीन स्तर कल्पिता येतात. पहिला स्तर दूरस्थ श्रोत्याचा. त्याने ते संगीत जगलेले नसते. त्याला त्यात मुळे, माती, साधेपणा यांचा साक्षात्कार होतो, किंवा तो साक्षात्कार खोटा वाटल्यास त्याला फसवणूक झाल्यासारखे होते. दुसरा स्तर निकटच्या श्रोत्याचा. ते संगीत त्याच्या घरचे, यात्रेचे असते. तो तात्त्विक प्रश्न विचारत नाही. ठेका चुकला की नाही, गळा तापला की नाही, हे तो पाहतो. तिसरा स्तर बद्ध श्रोत्याचा. ते संगीत त्याच्यावर किंवा त्याच्या पूर्वजांवर कर्तव्य म्हणून लादलेले होते. या कलेचा लाभ आता कोणाला होतो आणि कोणत्या अटींवर, हा त्याचा प्रश्न असतो.

हे स्तर काटेकोर नाहीत. गिरणगावातील कामगार एकाच वेळी निकटचा आणि दूरस्थ होता. एखादा तमाशा कलावंत एकाच वेळी निकटचा आणि बद्ध असू शकतो. तरीही ही विभागणी एका कारणाने उपयुक्त आहे. संगीतविषयक वादांत प्रामुख्याने पहिल्या स्तराचा आवाज ऐकू येतो, कारण लिहिण्याची आणि छापण्याची साधने त्याच्याकडे असतात. दुसऱ्या स्तराचा प्रतिसाद टाळीत, शिट्टीत, दौलतजाद्यात आणि रिकाम्या तंबूत उमटतो, त्याची नोंद होत नाही. तिसऱ्या स्तराचा प्रतिसाद अनेकदा मौनाचा किंवा निघून जाण्याचा असतो. समीक्षा जेव्हा 'रसिकांनी स्वीकारले' किंवा 'रसिकांनी नाकारले' असे विधान करते तेव्हा ती बहुधा पहिल्या स्तराविषयीच बोलत असते.

हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या दैनंदिन कामाशीही निगडित आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत युवा महोत्सवांच्या निमित्ताने दरवर्षी लोकनृत्य आणि लोकसंगीत वाद्यवृंद यांच्या स्पर्धा होतात. अध्यापक तेथे संघव्यवस्थापक असतात, मार्गदर्शक असतात, परीक्षकही असतात. वेशभूषेचा झगमगाट, ठेक्याची गती आणि रचनेची सफाई यांना गुण मिळतात. ज्या गोंधळ्याकडून किंवा हलगीवादकाकडून विद्यार्थी ती कला शिकले त्याचे नाव निवेदनात येते का, त्याला मानधन मिळाले का, त्या समाजातील विद्यार्थ्याला संघात केवळ वाद्य वाजवण्यापुरते घेतले की नेतृत्व दिले, हे प्रश्न गुणपत्रिकेत नसतात. ते विचारल्याने कलेचा आनंद कमी होत नाही. त्या आनंदाचा हिशेब मात्र पुरा होतो.

निष्कर्ष :
१. कलावंत लोकसंगीताकडे वळल्यावर होणाऱ्या वादात अस्सलपणा हा निकष मध्यवर्ती असतो. मात्र नागर आणि लोक यांची देवाणघेवाण ज्या परिसरात १८४३ पासून तरी चालू आहे तेथे हा निकष निर्णायक ठरू शकत नाही.
२. 'वळण' ही संज्ञा बाहेरून येणाऱ्या कलावंतालाच लागू केली जाते. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तुलनेतून हा असमतोल स्पष्ट होतो.
३. अण्णा भाऊ साठे यांच्या श्रोत्यांनी लोकघाटाचे जुनेपण महत्त्वाचे मानले नाही. वर्तमानाशी असलेले त्याचे नाते त्यांना महत्त्वाचे वाटले.
४. शाहीर साबळे यांच्या 'लोकधारे'त विधीचा संदर्भ हरवला आणि त्याच वेळी जातिबद्ध कला सर्वांना खुली झाली. या दोन्ही बाजू एकत्र लक्षात घेऊनच तिचे मूल्यमापन करावे लागते.
५. शहरी कलावंताचे लोकसंगीताकडे जाणे आणि ग्रामीण फडाचे चित्रपटसंगीताकडे जाणे या दोहोंना एकच मोजपट्टी लावली पाहिजे.
६. रसिक ही एकसंध कोटी नाही. दूरस्थ, निकटचा आणि बद्ध अशा श्रोत्यांचे प्रतिसाद वेगवेगळे असतात व त्यांपैकी शेवटच्या दोहोंची नोंद करण्याची जबाबदारी या परिसरातील अभ्यासकांवर अधिक येते. यात्रांतील फड, त्यांचे कलावंत आणि त्यांचे वृद्ध प्रेक्षक अद्याप भेटू शकतात, तोवर त्यांच्या मुलाखतींचे संकलन महाविद्यालयीन पातळीवर हाती घेणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे.